चारदीवारीतील रानमाश्या

प्रस्तावना

जयपूरच्या हवामहालाचे चित्र तुम्ही कोठे ना कोठे नक्कीच पाहिले असेल. सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ साली लालचंद उस्ताद यांच्याकडून बांधवून घेतलेली ही पाच मजली वास्तू ९५३ लहान झरोक्यांमुळे प्रसिद्ध आहे. तिच्या दर्शनी भागाला मधाच्या पोळ्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. उपमा सुंदर आहे. परंतु त्याच शहराच्या जुन्या भिंतींत ज्या माश्या खरोखर घरे करतात, त्यांपैकी बहुतेकींना पोळे ठाऊक नाही. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठाही नाही. त्या एकट्या राहतात आणि एकट्याच आपली पिल्ले वाढवतात.

प्रस्तुत पाठात या लहान रानमाश्यांची ओळख करून दिली आहे. पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हांला मधमाशी व एकटी राहणारी माशी यांतील फरक सांगता येईल, तिच्या घरट्याची रचना वर्णन करता येईल आणि एखाद्या प्राण्याला भाषेत नाव असणे किंवा नसणे याचा त्याच्या जगण्याशी कसा संबंध येतो, याचा विचार करता येईल.

मूळ पाठ

सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ साली जयपूर वसवले. नगराच्या आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. सरळ व रुंद रस्ते, त्यांच्या छेदावर प्रशस्त चौक, नऊ चौकड्यांत विभागलेली वस्ती आणि भोवती तट, अशी ही रचना होती. चौकाला तेथे चौपड म्हणतात आणि वेशीला पोल. सूरजपोल पूर्वेला, चांदपोल पश्चिमेला. तटाच्या आतील या जुन्या शहराला लोक परकोटा किंवा चारदीवारी म्हणतात. ब्रिटनच्या युवराजाच्या १८७६ सालच्या भेटीच्या वेळी रामसिंह (दुसरे) यांनी शहराला गुलाबी रंग दिला आणि तेव्हापासून 'गुलाबी शहर' हे नाव रूढ झाले. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोने या तटबंद शहराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

प्रवासी पाहतो तो बाजारांचा दर्शनी भाग. तेथून आतल्या गल्लीत वळले की दृश्य बदलते. दगड आणि चुना यांच्या भिंतींवरचा गिलावा कोठे कोठे सुटलेला असतो. दगडांमधील सांधे भुसभुशीत झालेले असतात. हवेलीच्या चौकात तुळशीची कुंडी असते, कोपऱ्यात सरकंड्याचे जुने मुढे पडलेले असतात, पागोळीखाली बांबूचा एखादा वासा वर्षानुवर्षे तसाच टेकवलेला असतो. माणसाच्या दृष्टीने ही सारी दुर्लक्षित अडगळ. भिंतीतील पेन्सिलीएवढे भोक, सरकंड्याचे तुटलेले टोक, अंगणातील न फरसलेली हातभर जमीन यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. रानमाश्यांचे शहर नेमके तेथे असते.

येथे 'माशी' या शब्दाविषयी थोडे थांबून विचार केला पाहिजे. मराठीत घरात घोंघावणारी ती माशी आणि मध देणारी तीही माशीच. शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात मात्र या दोहोंचे नाते फार दूरचे आहे. घरमाशीला पंखांची एकच जोडी असते, तर मधमाशी आणि तिच्या गणगोताला दोन जोड्या. मधमाशीचे हे गणगोत अफाट आहे. जगात त्याच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, तर भारतात सातशेहून अधिक. त्यांतील खऱ्या मधमाश्या बोटांवर मोजता येतील इतक्याच.

आणि नावे आहेत ती याच मोजक्या माश्यांना. महाराष्ट्रातील मध काढणारे लोक उंच कड्यावर वा झाडावर मोठे पोळे लावणाऱ्या रागीट माशीला आग्या म्हणतात. ढोलीत अनेक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे लावणारी ती फुलोरी. ही फुलोरी जयपुरातही झुडपांत नि छज्जाखाली आढळते. कोकणात जुन्या घरांच्या भिंतीत डिंकमेणाची नळी करून राहणारी, नांगी निरुपयोगी असलेली बारीक काळी माशी ती पोया. ही चारही नावे मधापोटी पडली आहेत. कोणाचा मध किती, कोणत्या ऋतूत, काढताना चावा किती बसेल, हे ज्याला जाणणे भाग होते त्याने नावे ठेवली. मध न देणाऱ्या शेकडो जातींना त्याने नाव दिले नाही, कारण त्याला त्यांची गरज पडली नाही. त्याला दोष देता येत नाही.

एक अपवाद मात्र जुना आणि मानाचा आहे. तो म्हणजे भुंगा. साहित्यात त्यालाच भ्रमर म्हणतात. भागवताच्या दशम स्कंधात गोपी भ्रमराला उद्देशून आपले गाऱ्हाणे सांगतात, ते भ्रमरगीत या नावाने ओळखले जाते. चारदीवारीतील गोविंददेवजींच्या मंदिरात येणाऱ्या भाविकांना ते ठाऊक असते. मराठी वाचकाला भ्रमर भेटतो तो ज्ञानेश्वरीत. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा दृष्टांत तिच्या पहिल्या अध्यायात आला आहे. दृष्टांताचा अर्थ स्नेहाविषयी आहे. त्यातील निरीक्षण मात्र आजही जसेच्या तसे खरे आहे. भुंग्याची मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत आपल्या जबड्यांनी बोगदा कोरते, त्यात परागाचे गोळे ठेवते आणि प्रत्येक गोळ्यावर एक अंडे घालते. म्हणजे साहित्यात इतकी शतके गुणगुणणारा हा भ्रमर एकटी राहणारी रानमाशीच आहे. तो आकाराने मोठा आहे आणि त्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून त्याला नाव मिळाले. त्याचीच धाकटी भावंडे, मुंगीपेक्षा थोडी मोठी, निनावी राहिली.

पाठगत प्रश्न
१. रानमाश्यांची घरे चारदीवारीत कोणकोणत्या ठिकाणी असतात?
२. आग्या, सातेरी, फुलोरी, पोया ही नावे कोणी आणि का ठेवली असावीत?
३. ज्ञानेश्वरीतील दृष्टांतात भ्रमराचे कोणते निरीक्षण आले आहे?

या धाकट्या भावंडांचा परिचय करून घ्यायचा तर सकाळी ऊन चढू लागले की तुळशीपाशी बसावे. तुळशीच्या मंजिरीवर प्रथम फुलोऱ्या येतात. त्यांच्यामध्ये काही कीटक फारच लहान दिसतात, सहा-सात मिलिमीटरचे, चकचकीत काळे किंवा हिरव्या धातूसारखे झळकणारे. लहान भुंगे असे त्यांना म्हणता येईल. यांच्या माद्या मोठ्या भुंग्याप्रमाणे टणक लाकूड कोरत नाहीत. मऊ गाभ्याची काडी जेथे मोडलेली असेल, तेथून त्या आत शिरतात आणि गाभा उपसून एक अरुंद नळी तयार करतात. सरकंड्याची किंवा गुलाबाच्या छाटलेल्या फांदीची काडी त्यांना पुरते. आतली एकेक खोली चघळलेल्या गाभ्याच्या भुशाने वेगळी केलेली असते. अनेक जातींत आई घरट्याच्या तोंडाशी पाठ करून पहारा देत बसते.

उन्हाळ्यात घामेजलेल्या हातावर एखादी बारीकशी माशी बसते आणि घाम चाटू लागते. तिला मीठ हवे असते. हाकलली तरी ती परत येते, चावत मात्र नाही. या गटातील बहुतेक माश्या जमिनीत राहतात. त्या उघड्या मातीत सरळ खाली बीळ खणतात. बिळाच्या तोंडाशी मातीचा इवलासा ढीग असतो, तो पाहणाऱ्याला मुंग्यांचा वाटतो. अंगणात फरशी बसवली की हे बीळ कायमचे मिटते आणि कोणालाही कळत नाही.

पण पाहण्यासारखे सर्वांत विलक्षण घर आहे ते पानकापी माशीचे. बागेतील गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडांना कधी कधी अर्धवर्तुळाकार, कात्रीने कापल्यासारख्या खाचा दिसतात. माळी म्हणतो, कीड लागली. औषध आणावे लागेल. वास्तविक ते पान कोणी खाल्लेले नसते. पानकापी माशीची मादी पानाच्या कडेवर बसते, जबड्यांनी काही सेकंदांत एक तुकडा कापते आणि तो पायांत धरून उडून जाते. भिंतीतील एखाद्या भोकात तिचे घर असते. लांबट तुकडे एकावर एक वळवून ती आत अंगठीच्या बोटाच्या पेराएवढी एक कुपी तयार करते. मग फुलांकडे तिच्या फेऱ्या सुरू होतात. मधमाशी पराग मागच्या पायांवरील टोपल्यांत आणते. पानकापीला अशा टोपल्या नाहीत. तिच्या पोटाखाली दाट केस असतात, त्यांत परागाचे कण अडकतात आणि दुरून पाहता तिचे पोट पिवळे दिसते. पराग आणि थोडा मधुरस यांची खीर कुपीत पुरेशी भरली की ती तिच्यावर एक अंडे घालते. नंतर ती पानाचे अगदी गोल तुकडे कापून आणते. ते झाकणासाठी असतात. असे अनेक गोल तुकडे दाबून बसवल्यावर पहिली खोली बंद होते आणि तिच्यापुढे दुसरी सुरू होते. लांब तुकडा भिंतीसाठी आणि गोल तुकडा झाकणासाठी, हा हिशेब तिला कोणी शिकवलेला नसतो.

या खोल्यांच्या क्रमातही योजना असते. माशीच्या अंड्याचे फलन झाले तर त्यातून मादी जन्मते, न झाले तर नर. मिलनात मिळालेले शुक्राणू मादी शरीरात साठवून ठेवते आणि अंडे घालताना ते वापरायचे की नाही हे तिच्या स्वाधीन असते. घराच्या खोल भागात ती मादी होणारी अंडी घालते, त्यांना खीर अधिक देते आणि तोंडाशी नरांची. नर आधी बाहेर पडतात आणि वाट मोकळी होते. सुतारपक्षी किंवा एखादा परजीवी कीटक तोंडाकडून आत घुसला तर आधी नरांवर संकट येते. थोडे कठोर वाटते खरे, परंतु पुढच्या पिढीची घरे बांधणाऱ्या माद्या आत सुरक्षित राहतात.

सगळ्याच माश्या इतक्या कष्टाळू नसतात. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसाच व्यवहार माश्यांतही आहे. टोकदार पोटाची एक माशी पानकापीच्या घरावर पाळत ठेवते. घरमालकीण बाहेर गेली की ती आत शिरून आपले अंडे घालून निघून जाते. तिची अळी बाहेर आल्यावर यजमानाचे अंडे वा अळी मारते आणि खीर स्वतः खाते. भिंतीवर मातीचे गोल रांजण करणारी कुंभारीणही अनेकदा या माश्यांत मोजली जाते. ती गांधील माशीच्या गोत्रातील असून पिल्लांसाठी अळ्या आणून ठेवते. पराग हे पिल्लांचे अन्न असणे ही रानमाशीची खूण होय.

जुन्या भिंतींचे सांधे ज्यांना विशेष आवडतात, त्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या. काळ्या पोटावर निळसर चमकते पट्टे, अंगावर करडे-पिवळसर केस, आवाज उंच आणि उडणे इतके चपळ की एका जागी दिसली म्हणेपर्यंत दुसऱ्या फुलावर गेलेली असते. त्यांच्या माद्या मातीच्या दरडीत, कच्च्या विटांत किंवा भुसभुशीत झालेल्या सांध्यात बीळ करतात. संध्याकाळी त्यांचे नर एक गंमत करतात. नराला घर नसते. दिवस मावळला की तीन-चार, कधी अधिक नर एखाद्या वाळल्या काडीवर जमतात, प्रत्येक जण आपल्या जबड्यांनी काडीला घट्ट चावा घेतो, पाय दुमडतो आणि तशाच टांगलेल्या स्थितीत झोपी जातो. सकाळचे ऊन अंगावर येईपर्यंत त्यांना हात लावला तरी ते हलत नाहीत. नराला नांगी नसते. नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे, ते मादीपाशीच असायचे. मादीदेखील चिरडली गेली तरच डंख करते. राखायला मधाचा साठा नाही, तर भांडायचे कशासाठी?

पाठगत प्रश्न
४. पानकापी माशी पानाचे दोन आकारांचे तुकडे का कापते?
५. 'राखायला मधाचा साठा नाही, तर भांडायचे कशासाठी?' या वाक्यातून कोणती गोष्ट सूचित होते?

या माश्यांपासून माणसाला मध मिळत नाही हे खरे. पण त्यांच्याशिवाय काही कामे नीट होत नाहीत. वांग्याचे फूल घ्या. त्यात मधुरस नसतोच. त्याच्या पिवळ्या नळीसारख्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्र असते आणि पराग आत बंद असतो, जणू मिठाच्या डबीत. मधमाशी या फुलावर बसून काही करू शकत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा भुंगा परागकोशाला मिठी मारतात, पंख न हलवता उडण्याचे स्नायू वेगाने थरथरवतात आणि छिद्रातून पराग झरझर बाहेर पडतो. लक्षपूर्वक ऐकले तर त्या वेळी नेहमीपेक्षा वेगळा, चिरका आवाज ऐकू येतो. वाऱ्यानेही काही फळे धरतात. तरी माशीने हलवलेल्या फुलांना फळधारणा अधिक चांगली होते. टोमॅटोचे तेच. बहाव्याचे आणि तरवडाचेही तेच.

दुसरे उदाहरण जनावरांच्या चाऱ्याचे आहे. राजस्थानात रिजका आणि मराठीत लसूणघास म्हणतात तो चारा जयपूरच्या गाई-म्हशींना रोज लागतो. त्याच्या फुलात एक स्प्रिंगसारखी यंत्रणा असते. कीटक आत शिरला की फुलाचा मधला दांडा झटक्याने उसळतो आणि कीटकाच्या अंगावर आदळतो. तो उसळल्याशिवाय बी धरत नाही. मधमाशीला हा तडाखा आवडत नाही. ती लवकरच फुलाच्या बाजूने सोंड घालून मधुरस चोरायला शिकते आणि यंत्रणा तशीच राहते. पानकापी माशीला तडाख्याची पर्वा नसते. उत्तर अमेरिकेत विसाव्या शतकात लसूणघासाच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांनी एक पानकापी जात मुद्दाम पाळायला आरंभ केला. ती मूळची तेथील नव्हती, युरोप व आशियाकडून तिकडे पोहोचली होती. लाकडी फळ्यांत सारख्या आकाराची भोके पाडून तिला घरे दिली जातात. भिंतीतील ज्या भोकाकडे येथे कोणी पाहत नाही, तेथे त्याच भोकावर एक व्यवसाय उभा राहिला.

जयपूरच्या आसपास हिवाळ्यात मोहरीची पिवळी शेते दूरवर पसरलेली असतात. देशातील मोहरीच्या उत्पादनात राजस्थान आघाडीवर आहे. या काळात मधपाळ मधमाश्यांच्या पेट्या घेऊन राजस्थानातील मोहरीच्या शेतांकडे येतात. उत्तर भारतातील त्याच शेतांत जमिनीत राहणाऱ्या रानमाश्याही काम करतात. त्यांच्या पेट्या कोणाला उतरवाव्या लागत नाहीत, त्यामुळे हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद होत नाही. मधाच्या दिशेने मात्र भरपूर काम झाले आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, तर २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मधाचे गाव म्हणून घोषित झाले. ही कामे मोलाची आहेत. तथापि मधमाशी वाचली म्हणजे सगळ्या माश्या वाचल्या, असा त्यांचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. एका जातीच्या कोंबड्या वाढल्या म्हणून रानातले पक्षी सुरक्षित आहेत, असे कोणी म्हणत नाही.

आता पुन्हा भिंतीकडे येऊ. चारदीवारी वारसास्थळ आहे, म्हणून तिची देखभाल होणे आवश्यकच आहे. सांधे मोकळे राहिले तर पाणी शिरते आणि भिंत दुबळी होते. जयपुरात गवंड्याला चेजारा म्हणतात. चेजारा जेव्हा दरजा भरतो तेव्हा तो आपले कर्तव्यच करत असतो. येथे माशीची बाजू घेऊन भिंत पडू द्या असे म्हणता येणार नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, माशी मजबूत भिंत पोखरत नाही. सांधा आधी भुसभुशीत होतो, माशी मागाहून येते. तिला भिंतीचा शत्रू समजणे म्हणजे तापाबद्दल तापमापकाला दोष देणे होय. दुसरी गोष्ट बांधकामाच्या सामग्रीची. जुन्या भिंती चुन्यात बांधल्या आहेत. चुना ओलावा बाहेर जाऊ देतो, सिमेंट तो कोंडून ठेवते. त्यामुळे जुन्या दगडी भिंतीला सिमेंट मानवत नाही, हे वास्तूंचे जतन करणारे लोक जाणतात. सिमेंटचा सपाट थर दिला की भिंतीचेही नुकसान होते आणि माशीच्या सात पिढ्यांसाठी दार बंद होते. म्हणजे एका मुक्कामापर्यंत भिंतीचे हित आणि माशीचे हित एकाच वाटेने जाते.

त्या मुक्कामापुढे मात्र वाटा फुटतात. चुन्याने उत्तम दुरुस्ती केली तरी भोक बुजतेच. बंद खोल्यांत त्या वेळी पिल्ले असतील तर ती आतच राहतात. पानांचे झाकण कुरतडून बाहेर येण्याइतके त्यांचे जबडे बळकट असतात, नव्या गिलाव्यापुढे ते चालत नाहीत. यावर सगळ्यांना पटेल असा उपाय नाही. एका वर्षी भिंतीची एकच बाजू दुरुस्त करावी, पिल्ले बाहेर पडून गेल्यावर दुसरी हाती घ्यावी, इतके करणे शक्य असते. ज्या भिंतीला वारशाचे मोल नाही अशा परसातल्या मातीच्या बांधाला हात न लावणे, अंगणाचा एखादा कोपरा फरशीविना ठेवणे, सरकंड्याच्या वा पोकळ बांबूच्या विताएवढ्या कांड्या बांधून त्यांची जुडी ऊन लागेल पण पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी आडवी टांगणे, हेही शक्य असते. कांडीचे एक टोक पेराने बंद असावे लागते. दोन्ही टोके उघडी असली तर माशी तिकडे फिरकत नाही.

जयपूरकरांना प्राण्यांचे वावडे आहे असे मुळीच नाही. उन्हाळ्यात घराबाहेर पाण्याचे परिंडे टांगण्याची तेथे रीत आहे. कबुतरांना दाणे टाकले जातात. गाईला पहिली पोळी निघते. ही दया डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्यांपर्यंत पोहोचते, आणि नाव नसलेला कीटक डोळ्यांना दिसत नाही. डासांसाठी संध्याकाळी गल्लीतून धुराचे यंत्र फिरते, तेव्हा त्याच धुरात काडीला चावा घेऊन झोपलेले नरही असतात. डासांचा बंदोबस्त हवाच, कारण डेंग्यूने माणसे दगावतात. पण साचलेले पाणी काढून टाकणे हा उपाय डासावरच चालतो आणि धुराला तसा विवेक नसतो, एवढे सांगायला हरकत नाही.

परिंड्याच्या काठावरची ओल दुपारी कोणकोण येऊन पिते, हे पाहत बसलेल्या मुलाला कदाचित एखाद्या दिवशी निळे पट्टे दिसतील. तो आजीला विचारील, ही कोणती माशी? आजीला नाव माहीत नसेल. मग दोघे मिळून तिला काहीतरी नाव देतील.

शब्दार्थ

झरोका – जाळीदार लहान खिडकी. चौकडी – जयपूर नगररचनेतील वस्तीचा चौरस विभाग. सरकंडा – मुंज गवताच्या जातीचे उंच, काड्यांचे गवत. मुढा – सरकंड्याचे विणलेले बसकण. परागकोश – फुलातील पराग तयार होण्याची पिशवी. मधुरस – फुलातील गोड द्रव. दरजा भरणे – दगडविटांमधील सांधे चुन्याने बुजवणे. परिंडा – पक्ष्यांसाठी टांगलेले पाण्याचे भांडे.

स्वाध्याय

१. 'माशीचे हित आणि भिंतीचे हित एका मुक्कामापर्यंत एकाच वाटेने जाते.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा. त्या मुक्कामापुढे कोणती अडचण उभी राहते, तेही लिहा.

२. वांग्याचे फूल आणि लसूणघासाचे फूल यांपैकी एकाचे परागण कसे होते, ते आठ-दहा ओळींत सांगा.

३. तुमच्या बोलीत माशी, भुंगा, गांधील, कुंभारीण यांसाठी कोणते शब्द आहेत? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची नोंद करा. कोणत्या कीटकाला नाव सापडले नाही, तेही लिहा.

४. सलग तीन सकाळी तुळशीच्या मंजिरीपाशी पंधरा मिनिटे बसा. आलेल्या कीटकांचा आकार, रंग, पराग अंगावर कोठे चिकटला आहे आणि ते कोणत्या दिशेने परतले, याची टिपणे ठेवा.